भावाला कोयत्यानं तोडला तर शिट्ट्या, करडावर पाय उगारला तर चप्पल. असं का?

पडदा_वर (रविवार, रात्री ११.४०)

मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचायलोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातलं. यात्रेला दरवर्षी एक सामाजिक नाटक असतंय. पडदे भाड्याचे, स्त्री पात्र बाहेरून आणलेलं, बाकी सगळे गावचेच, आणि गेली बारा-तेरा वर्षं लिहायचं नि बसवायचं काम माझ्या गळ्यात. गेल्या यात्रेचं नाटक नेहमीचंच होतं, सावकार, कर्ज, दोन भाऊ. पहिल्या अंकाच्या शेवटी सावकाराचा माणूस थोरल्या भावाला कोयत्यानं मारतो. लाल रंगाची पिशवी शर्टात ठेवलेली, ती बरोबर फुटली, अंगभर रंग झाला. शिट्ट्या, टाळ्या, मागची पोरं "वन्स मोर" म्हणून ओरडायलेली. थोरला भाऊ मेला आणि पडदा पडल्यावर विंगेत उभा राहून भजी खाल्ली.

दुसऱ्या अंकात सावकार व्याजापोटी धाकट्याच्या पोराचं करडू ओढून नेतो असा सीन. मी म्हटलं खरंखुरं करडू आणूया, जिवंतपणा येईल. शेजारच्यांकडनं तीन आठवड्याचं आणलं, तपकिरी, एक कान पांढरा. सुतळीनं माईकच्या स्टँडला बांधलेलं, हीच पहिली चूक. सावकाराचं काम करतो तो आमच्याकडं दूध घालणारा गडी, मुंगी मारायचा नाही. त्यानं नुसता पाय उगारला, पाय लागला नाही, लागणार पण नव्हता, आवाज ढोलकीवरच्या थापेचा. पण करडू बिचकलं, सुतळीला हिसका बसला, माईक धाडकन आडवा झाला, शिट्टी वाजल्यासारखा आवाज स्पीकरमधनं, आणि त्यातच ते करडू ओरडलं.

दोन-तीन सेकंद सगळं गप्प. मग बायकांच्या बाजूनं "ए, सोड त्येला!" आणि एक चप्पल थेट सावकाराच्या फेट्यावर. ते निस्तरायच्या आत पुढच्या रांगेतली एक म्हातारी, सत्तरीच्या पुढची, नऊवारी, पायऱ्या सोडून समोरूनच स्टेजवर चढली. गाठ सुटेना तर सुतळी दातानं तोडली. करडू पदरात घेतलं आणि खाली जाऊन परत आपल्या गोणपाटावर बसली. तिसरा अंक पूर्ण होईस्तोवर ते तिच्या मांडीवर गप बसून होतं, प्रमुख पाहुण्यांना घातलेला झेंडूचा हार खात. पाहुणे काय बोलणार, त्यांनीच काढून दिलेला.

आता प्रश्न. माणूस मेला तेव्हा शिट्ट्या मारणारी हीच माणसं. करडाला तर लागलं पण नाही. मग एवढा राग कशाचा? यंदाच्या नाटकात पण एक असाच सीन डोक्यात आहे, ठेवू का काढू कळेना. म्हणून विचारतोय.

---

शहापूरची_अक्का (रविवार, रात्री ११.५८)

काढून टाका ओ. त्यात विचारायचं काय?

माझं सांगतो. टीव्हीवर जनावराला काय व्हायला लागलं की मी चहा ठेवायला उठतो. तसंच मालिकेत लहान पोरीला पावसात घराबाहेर काढलं की चॅनेल बदलतो, सासूबाई म्हणतात अगं पुढं तिला घेतात आत, घेऊ देत, घेतल्यावर सांगा मला. मारामारी चालती, बंदुका चालतात, विहिरीत उडी मारलेली पण चालती, फक्त ज्याला कळत नाही त्याला काय करू नका.

७७७ चार्ली आलेला २०२२ ला, भाच्यानं कुत्र्याचा सिनेमा मस्त आहे म्हणून नेलं. आधी विचारलं मी त्याला, कुत्रं मरतंय काय शेवटी? नाही म्हणाला गाढव. इंटरवलनंतर मी पदर तोंडात घालून बसलेलो. पण गंमत काय, शेजारी दोघे बसलेले, सुरुवातीला सीटवरनं एक मराठीत एक कन्नडात तावातावानं भांडलेले, शेवटी दोघं पण नाक ओढायलेत आणि एकाच रुमालाची देवघेव चाललीय. बोम्मई मुख्यमंत्री होते तेव्हा, ते पण बघून रडले म्हणून पेपरात फोटो आलेला, त्यांचं स्वतःचं कुत्रं आदल्या वर्षी गेलेलं म्हणे.

---

तंबाखूनगरी (सोमवार, सकाळी ७.१५)

निपाणीहून राम राम. मला यात नुसता ढोंगीपणा दिसतो, राग येऊ दे कुणाला.

यात्रा म्हणजे घरटी बोकड. सकाळी रस्सा ओरपायचा आणि रात्री करडासाठी चप्पल फेकायची? आमच्याकडं आयाबाया वखारीत तंबाखूच्या धुरळ्यात खोकून खोकून म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्यावर कुणी नाटक केलं तर चार माणसं येणार नाहीत, आणि कुत्र्याच्या सिनेमाला हाऊसफुल. माणसाची किंमत राहिली नाही एवढाच त्याचा अर्थ.

---

पडदा_वर (सोमवार, सकाळी ९.०२)

@तंबाखूनगरी, हे माझ्या डोक्यात आलेलं. दुसऱ्या दिवशी करडू परत द्यायला म्हातारी आली तेव्हा मी जरा चिडवायला म्हणून तेच विचारलं, आज्जी परवा तुमच्या दारात पण बोकड पडलं की. ती म्हणाली, "खायला कापतंय तवा टाळ्या वाजवतंय काय कोण?"

आणि गेली. मी दारात तसाच उभा.

---

लॅबमधला (सोमवार, दुपारी १.२०)

मूळचा अनगोळचा, सध्या बेंगळूरात. तंबाखूनगरींच्या मुद्द्यावर थोडी भर.

यावर खरोखर प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात २५६ विद्यार्थ्यांना एक खोटी बातमी वाचायला दिली, कुणीतरी कुणालातरी बेदम मारलं अशी. मजकूर तोच, फक्त मार खाणारा वेगवेगळा, कुणाच्या कागदावर मोठा माणूस, कुणाच्या लहान मूल, कुणाच्या पिल्लू, कुणाच्या वाढलेलं कुत्रं. मग विचारलं किती वाईट वाटलं. निकाल २०१७ साली छापून आला. मूल, पिल्लू आणि मोठं कुत्रं या तिघांबद्दल जास्त वाटलं, मोठ्या माणसाबद्दल कमी. म्हणजे माणूस विरुद्ध जनावर असा तो हिशेब नाहीच. ज्याला स्वतःला सोडवून घेता येत नाही असं आपल्याला वाटतं, त्याच्याकडं मन जातंय. कुत्रं कितीही मोठं झालं तरी आपल्या लेखी ते पोरच राहतं, आणि माणूस मात्र मोठा झाला की "त्यानं काहीतरी केलं असेल, पळून जायचं की" असं आपण मनातल्या मनात म्हणून मोकळे.

तुमच्या थोरल्या भावाच्या हातात काठी तरी होती काय?

---

पडदा_वर (सोमवार, दुपारी १.३५)

होती. आणि मरायच्या आधी चांगला दीड पानाचा डायलॉग पण होता.

---

लॅबमधला (सोमवार, दुपारी १.४१)

मग झालं. बोलता येतंय, मारता येतंय, मरताना शाप पण देता येतोय. करडाला काय डायलॉग.

---

संस्कृतसर (सोमवार, रात्री ८.१०)

क्रौंच पक्ष्याची गोष्ट कुणीतरी आणणारच, त्यापेक्षा मीच आणतो आणि बाजूला ठेवतो. जोडीतला एक पक्षी पडला, वाल्मीकींचा शोक झाला, शोकाचा श्लोक झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात वेगळंच एक दिसतं. रामायणात पुढे हजारोंनी राक्षस आणि वानर मरतात, पण कवीच्या तोंडून शाप निघाला तो एका पाखरासाठी. पडदा_वर यांचा प्रश्न तेवढा जुना आहे.

पण नाटकवाल्यांनी बघावं ते नाट्यशास्त्र. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून, कळवाव्यात असं भरत स्पष्ट सांगतो. शाळेत शिकवताना मला हा नियम उगाच सोवळा वाटायचा. तुमचं करडू वाचल्यावर वाटतंय की भरतमुनींच्या स्टेजवर पण कधीतरी चप्पल आली असणार.

---

जनावरांचा_डॉक्टर (सोमवार, रात्री १०.३०)

सव्वीस वर्षं याच जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यात काढली, आता रिटायर. सगळे प्रेक्षकांच्या मनाबद्दल बोलायलेत, जरा करडाकडनं पण बघूया.

करडाचं ओरडणं एक नसतं. भुकेचं वेगळं, आई दिसत नाही तेव्हाचं वेगळं, आणि धरल्यावर, अडकल्यावर जे येतं ते अगदी वेगळं, लांब, वर चढत जाणारं, फाटल्यासारखं. शेळ्या राखलेल्या बाईला हे झोपेत पण कळतं, हातातलं काम टाकून ती उठती. तुमच्या समोर बसलेल्यांपैकी किती जणांनी खरा खून बघितलाय? कुणीच नसेल, म्हणून रंगाची पिशवी फुटली की ती त्यांना खूनच वाटती, मजेचा खून. पण करडाचा आवाज त्यांनी हजार वेळा ऐकलाय. त्या बाबतीत सगळी पुढची रांग माझ्याएवढीच डॉक्टर. त्यांना त्या क्षणी कळलं की हे नाटक नव्हे.

आणि तेच खरं पण होतं. तुमचा सावकार नाटक करायलेला, धाकटा भाऊ नाटक करायलेला, करडू नाही. त्याला कुठं सांगितलेलं की पाय लागणार नाही? त्याच्यापुरतं ते खरंच धरलं गेलेलं, खरंच बांधलेलं, खरंच कुणीतरी अंगावर आलेलं. थोरला भाऊ उठून भजी खातो हे लोकांना माहिताय. करडू विंगेत जाऊन "जमलं काय ओ मास्तर" असं विचारणार नाही, हे पण माहिताय.

सिनेमात पण हेच. मेलेलं कुत्रं दाखवतात तेव्हा ते शिकवलेलं कुत्रं मालकाच्या हाताच्या खुणेनं पडून असतं, पोट हलतंय ते दिसू नये म्हणून शॉट लगेच कापतात, पुढच्या वेळी बघा. बैलाच्या डोळ्यातनं पाणी दाखवतात, आणि आपण म्हणतो रडायलाय बिचारा. धूळ, लाईट, माशा, नाहीतर डोळ्याचं दुखणं, यातलं काहीतरी असतंय ते. रडणारे आपण.

पूर्वी असं सांभाळून करत नव्हते. १९३९ साली हॉलिवूडच्या एका घोडेस्वारीच्या सिनेमासाठी घोडा कड्यावरनं खाली पाण्यात घातला, तो मेला, लोक खवळले, आणि १९४० पासनं तिथं सेटवर प्राण्यांसाठी देखरेखीची माणसं आली. "एकाही प्राण्याला इजा झालेली नाही" ही पाटी त्यातनंच आली. आपल्याकडं १९६० च्या कायद्यात खेळाला वापरायच्या जनावराची नोंदणी करायला सांगितलीय, त्याचे नियम २००१ ला नव्यानं आले, आणि सिनेमाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट मिळायच्या आधी प्राणी कल्याण मंडळाचं ना हरकत पत्र लागतंय. कायद्यातला खेळ म्हणजे तिकीट लावून लोकांना दाखवलेला खेळ. यात्रेच्या नाटकाला येऊन कोण विचारत नाही ते सोडा, पण सुतळीनं माईकला बांधणं म्हणजे कमाल केली तुम्ही. मान आवळली असती.

---

पडदा_वर (सोमवार, रात्री १०.५२)

डॉक्टर, मान खाली घालून वाचलं.

---

मलप्रभाकाठ (मंगळवार, सकाळी ११.००)

मी मराठी शाळेतला, पण कन्नड विषय होताच, आणि त्यात ते पुण्यकोटी गाईचं गाणं. इकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. वाघ गाईला धरतो, गाय म्हणते वासराला एकदा पाजून येते, शब्द देते, जाते, पाजते आणि खरंच परत येते. बाईंनी अर्थ सांगताना ते वासरू आईला विचारतं त्या जागी आणलं, आता मी कुणाचं दूध पिऊ, कुणाच्या कुशीत झोपू, की आख्खा वर्ग मुसमुसायचा. निम्म्यांना कन्नड नीट येत पण नव्हतं. मी शब्द देवनागरीत लिहून पाठ केलेले.

शेवट काय, तर गाय जगते आणि वाघच कड्यावरनं उडी टाकून जीव देतो. घरी जाऊन आईला विचारलेलं, मग वाघाच्या पोरांचं काय? तिनं पाठीत धपाटा घातला. पण त्या वाघासाठी वर्गात कुणीच रडलं नव्हतं हे मला अजून आठवतंय. उपाशी होता, खाल्लं पण नाही, मेला पण तोच.

आणि दुसरी गोष्ट आज्जीची, चिलया बाळाची. श्रियाळ राजा, चांगुणा राणी, शंकर अतिथी होऊन येतो आणि पोराचंच मांस मागतो. चांगुणा बाळाचं मस्तक उखळात घालून कांडते आणि डोळ्यातनं पाणी काढायचं नाही अशी अट. आज्जी ओवी म्हणत म्हणत उखळापर्यंत आली की मी उठून ओट्यावर. लिंबाच्या झाडाखाली उभा राहून ऐकायचं नाही म्हणून कानात बोटं, पण एक बोट जरा सैल. शेवटी देव प्रसन्न होतो, बाळ हाक मारल्यावर पळत येतं, सगळं चांगलं होतं, पण खरं सांगू काय, ते पळत येणारं बाळ माझ्या डोळ्यापुढं कधीच आलं नाही. उखळ मात्र आमच्या पडवीतलंच दिसायचं. पुढं कितीतरी वर्षं त्यात हात घालायला नको वाटायचं.

त्यामुळं "शेवटी गोड होतंय की" हे समर्थन मला पटत नाही.

---

शहापूरची_अक्का (मंगळवार, सकाळी ११.१२)

तेच मी सासूबाईंना सांगायलोय. पुढं आत घेतात म्हणून पावसातलं भिजणं पुसलं जातंय काय?

---

कडक_कुंदा (मंगळवार, रात्री ९.४५)

सगळं वाचलं. चांगलं चाललंय पण एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून लिहितोय, जरा कडू लागेल.

लॅबमधला म्हणतात ज्याला सोडवून घेता येत नाही त्याचा कळवळा येतो. प्रयोगात येत असेल. आमच्या भागातल्या यात्रेच्या नाटकांत एक तरी मुका, येडा नाहीतर लंगडा असतोच, हसवायला. त्याच्या डोक्यात टपली मारायची, धोतर ओढायचं, त्याला बोलता येईना की पब्लिक लोळतंय. माझा धाकटा भाऊ जन्मापासनं मुका. मी दहावीत असताना आम्ही दोघं असंच एक नाटक बघायला गेलेलो, तो पुढं बसलेला, आणि स्टेजवरचा मुका हातवारे करायला लागला तसं शेजारच्या पोरांनी याच्याकडं बघून तसेच हातवारे केले. भाऊ पण हसला. सगळे हसायलेत म्हणून हसला. घरी येताना वाटेत माझा हात सोडला नाही.

तेव्हा कुणाची चप्पल आली नाही. कुठली म्हातारी स्टेजवर चढली नाही.

म्हणजे दुबळा असून भागत नाही, तो गोजिरवाणा दुबळा पाहिजे. पांढऱ्या कानाचा. सासूचा मार खाणारी सून पण दुबळीच की, ती तर रोज संध्याकाळी जेवताना बघतो आपण, आणि उद्या परत मार खाणार म्हणून उद्या परत लावतो.

फँड्री २०१४ ला थिएटरात बघितला. जब्याच्या घरची माणसं डुकरं धरायला पळायलीत, पडद्यावरचा गाव हसायलाय, आणि माझ्या मागची रांग पण हसायलीय, अगदी मोकळ्यानं. डुकराचं त्यात काही नव्हतं, लाज निघायलेली ती पोराची. शेवटी त्यानं दगड उचलून सरळ आपल्याकडं भिरकावला तसा मागचा आवाज बंद. लाईट लागल्यावर वळून बघितलं, चांगल्या घरातली पोरं, माझ्याच वयाची, मोबाईल काढून उगाच त्यात बघत बसलेली.

डुकराच्या जागी सशाचं पिल्लू असतं तर पहिल्या मिनिटाला "अरेरे" झालं असतं. जनावरात पण जात बघतो आपण.

---

तंबाखूनगरी (मंगळवार, रात्री १०.२०)

कुंदा, हात द्या. हेच मला म्हणायचं होतं, मी नुसता चिडलो.

---

लॅबमधला (मंगळवार, रात्री १०.४४)

मान्य. त्या विद्यार्थ्यांना कागदावर चार ओळी दिलेल्या. आजूबाजूला हसणारं पब्लिक नव्हतं. हसणारी पाचशे माणसं भोवती असली की मनाचं काय होतं हे त्यात येत नाही. तुमच्या भावाचं वाचून मी बराच वेळ काही टाईप केलं नाही.

---

पडदा_वर (बुधवार, पहाटे ५.३०)

झोप नाही लागली. कबूल करतो, माझ्या तीन नाटकांत मुक्याचं पात्र आहे. तिन्ही विनोदी. एकाचं काम तर मीच केलंय, बक्षीस म्हणून शंभर-शंभरच्या नोटा लावलेल्या शर्टाला. समोर कोण बसलेलं असेल असा विचार डोक्यात आला नाही. कुंदा, तुमच्या भावाला माझ्याकडनं काय सांगू सुचत नाही.

यंदाच्या नाटकातनं ते पात्र काढलं. म्हणजे मुका ठेवलाय, टपल्या काढल्यात. त्याला एक काम दिलंय, सावकाराच्या वहीत अंगठा खोटा उठवलाय हे फक्त त्यानं बघितलंय, आणि कुणी त्याला विचारत नाही. लिहून बघितलं, दोन पानं जमलीत. हसू येईल का ते माहीत नाही.

जनावराच्या सीनचं पण ठरवलं. संस्कृतसरांचा भरतमुनी ऐकायचा. करडू स्टेजवर आणायचंच नाही. रिकामा खुंटा, तुटलेलं दावं, आणि विंगेतनं गळ्यातल्या घंटेचा आवाज लांब लांब जात गेलेला. पोरगं खुंट्यापाशी उभं. बास.

---

संस्कृतसर (बुधवार, सकाळी ८.००)

उत्तम. फक्त घंटा थांबली की लगेच संगीत सुरू करू नका. पेटीवाला घाई करतो, त्याला आधीच दम द्या.

---

पडदा_वर (पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ११.१०)

तालमीचा रिपोर्ट. आज पहिल्यांदा घंटा घेऊन केलं. पोराचं काम करणारा सात वर्षांचा, दुसरीत आहे, चुणचुणीत. विंगेतनं घंटा वाजत वाजत लांब गेली, थांबली, आणि हा रडायला लागला. आम्ही म्हटलं वा, काय काम करतोय, दोघा-तिघांनी टाळ्या पण वाजवल्या. तो थांबेचना. हुंदके देत विचारायलाय, करडू कुठं नेलं? त्याला वाटलं पलीकडं खरंच आहे. म्हणजे करडाला वाचवलं आणि पोराला अडकवलं.

मागं नेऊन दाखवलं त्याला, बघ, हा तुझा मामा, हातात घंटा, करडू नाहीच. त्यानं घंटा स्वतः वाजवून बघितली, मामाला लांब जायला लावलं, परत बोलावलं. मग हसला. नंतर तीन वेळा सीन केला आणि एकदा पण रडला नाही, उलट मामा हळू का चालतोय म्हणून तक्रार.

---

जनावरांचा_डॉक्टर (गुरुवार, रात्री ११.२५)

बरं केलंत दाखवलं ते. दर तालमीला आधी दाखवा, एकदा दाखवून भागत नाही त्या वयाला. आणि रात्री अकरापर्यंत दुसरीतलं पोर तालमीला? सिनेमा-मालिकांसाठी कायदा आहे, दिवसाला पाच तासांच्या वर नाही आणि सलग तीन तासांच्या वर नाही. यात्रेत कोण घड्याळ लावून बसत नाही, तरी त्याचा सीन आधी घ्या आणि नऊला घरी सोडा.

---

पडदा_वर (गुरुवार, रात्री ११.३१)

होय डॉक्टर. उद्यापासनं त्याचाच सीन पहिला.

आणि एक राहिलं. ती म्हातारी आलेली आज तालीम बघायला, कुणी बोलावलं माहीत नाही, आपली आपणच. सगळं झाल्यावर तिचा एकच शेरा, घंटा पत्र्यावाणी वाजायलीय. खरंच वाजतीय, बाजारातनं नवीन आणलेली. कुणाकडं जुनी पितळी असली तर सांगा, यात्रा झाली की परत करतो.

---

शहापूरची_अक्का (शुक्रवार, सकाळी ६.५०)

माझ्या माहेरी संकेश्वरला म्हशीच्या गळ्यातली आहे, आज्याच्या वेळची. पाडव्याला म्हशी सजवायचे तेव्हाच काढायचे. चालेल काय? आवाज असा आहे की दोन गल्ल्या ऐकू येतोय.

---

जनावरांचा_डॉक्टर (शुक्रवार, सकाळी ७.०५)

तीन आठवड्याच्या करडाच्या गळ्यात म्हशीची घंटा? मान जमिनीला टेकेल ओ. करडाला घुंगरू असतंय, एक नाहीतर दोन, काळ्या दोऱ्यात. म्हातारीला पत्र्याचा आवाज खटकला नसणार, घंटाच खटकली असणार.

---

पडदा_वर (शुक्रवार, सकाळी ७.२०)

आत्ता जाऊन विचारून आलो. तेच म्हणाली. आणि आतनं डब्यातनं दोन घुंगरं काढून दिली, दोरा नवीन घाल म्हणाली.

मंगळवारी साडेसातला तालीम आहे, शाळेच्या मागं. कुंदा, तुम्ही आणि भाऊ येणार काय? मुक्याचे हातवारे आमचा गडी अंदाजपंचे करायलाय, कुणीतरी बघून चुका सांगितल्या पाहिजेत.

---

कडक_कुंदा (शुक्रवार, दुपारी २.१५)

त्याला विचारलं. येतो म्हणतोय. पण चुका सांगणार नाही म्हणे, स्वतः करून दाखवणार.